वाचक विचारतात : कोंबड्या कोण नेतंय?

प्रश्न : नमस्कार ताई. जिंतूर तालुक्यात शेतातच आमचा आखाडा आहे, चाळीसेक गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात. दिवाळीपासून कमी व्हायल्यात. पिल्लं तर दिवसाढवळ्या गायब, आणि परवा सकाळी खुराड्यात तीन मेलेल्या सापडल्या, माना चावलेल्या, बाकी अंग तसंच. शेजारी म्हणायलेत कोल्हा हाय. मालक म्हणायलेत सगळ्या शेताला जाळी मारू, पण खर्च लई होतोय. औषध टाकून ठेवावं का?

उत्तर : औषध अजिबात टाकू नका ताई. ते कोण खाईल सांगता येत नाही, तुमचंच कुत्रं नाहीतर वासरू जाईल, शिवाय मुंगूस, रानमांजर, कोल्हा ह्यांना मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि मला तरी हा कोल्हा वाटत नाही. कोल्हा कोंबडी तोंडात धरून नेतो, मागं उसाच्या फडापर्यंत पिसांचा माग राहतो. मोकाट कुत्री आली की दहा-बारा फाडून तशीच टाकून जातात. मान चावलेली आणि अंग जागेवर म्हणजे आत शिरलेलं जनावर लहान आहे. उजाडता-उजाडता आलं असेल तर मुंगूस (ते दिवसाचं जनावर, रात्री सहसा फिरत नाही), रात्री आलं असेल तर उदमांजर. खुराड्यात कोंबड्यांना पळायला जागा नसते, त्या फडफडतात, मग एकीवर न थांबता ते दुसरीला धरतं. पिल्लं नेणारा चोर बहुतेक वेगळाच, घार नाहीतर शिक्रा, पिसं न पडता पिल्लू गेलं तर सापही असू शकतो.

त्यामुळं शेताला जाळी नको, पैसा खुराड्यात घाला. चाळीस कोंबड्यांना झोपायला सहा बाय आठ फूट पुरतं. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी जाळी) घ्या, ती षटकोनी स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते पण कुत्रं ती दातानं फाडतं आणि लहान मुंगूस तर तिच्यातून सरळ आत येतं. जाळी खाली जमिनीवर संपवू नका, दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती-दगड टाका, म्हणजे उकरणारं जनावर भिंतीपाशी उकरतं आणि जाळीला अडतं. पत्रा आणि भिंतीमधली फट बुजवा, उदमांजर तिथनंच उतरतं. घुशीची बिळंही बुजवा, सापाचा तो रस्ताच आहे. दिवस मावळला की कोंबड्या आपसूक आत येतात, तेव्हाच कडी लावा, जेवणं झाल्यावर लावू म्हणलं की राहूनच जातं!

पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईस्तोवर डालग्याखाली ठेवा, मोकळी सोडायची तर तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाट्यांचा मांडव करा, वर बाभळीच्या फांद्या टाका, घारीला झडप घालता येत नाही. जवळ कोतवाल पक्ष्याचं घरटं असेल तर झाड तोडू नका, तो घारीला हाकलतो. कोंबडाही एक ठेवाच, वरून घार आली की तो वेगळा ओरडतो आणि कोंबड्या झुडपात घुसतात. लुकलुकणारे सोलर दिवे विकत घेऊ नका असं नाही म्हणत, पण जनावरं आठवड्याभरात सरावतात, जागा बदलत राहिलात तरच उपयोग.

मेलेल्या तीन पुरून टाकल्यात ना? उकिरड्यावर टाकल्या असतील तर आधी त्या पुरा, त्या वासानं कोल्हाही येईल.