गोळी चालू असताना ऊन आणि घरातली भीती

“मॅडम, तिची गोळी चालू आहे. उन्हात सोडू की नको?”

प्रश्न खरं तर डॉक्टरांचा. पण ठाण्याच्या पाचपाखाडीत मी समुपदेशक म्हणून बसते ती खोली एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला लागून आहे. तिथून “उन्हापासून जपा” एवढंच कानात साठवून बाहेर पडलेल्या आया पुढच्या आठवड्यात माझ्या दारात उभ्या असतात. उन्हाळ्यात मुरुमांवरच्या गोळ्या असतात, पावसाळ्यात तापाच्या. साचलेल्या पाण्यातून शाळेतून घरी आलेल्या मुलांना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) धास्तीने औषध सुरू होतं, आणि त्यासोबत घरात दुसरी धास्ती शिरते. एकच प्रश्न इतक्या वेळा ऐकला की एक केस सविस्तर लिहावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी औषधाबद्दल, कारण निम्मी भीती तिथेच गळून पडते. सगळ्याच अँटिबायोटिक्सना उन्हाचं वावडं नसतं. डॉक्सिसायक्लिन आणि त्याची भावंडं, सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही मंडळी, आणि को-ट्रायमॉक्साझोलसारखी सल्फा औषधं, यांच्या बाबतीत जपावं लागतं. घसा-कान दुखल्यावर मुलांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्सिम सहसा असं करत नाहीत. कळव्याच्या एका वडिलांनी घशासाठी अमॉक्सिसिलिन घेणाऱ्या मुलाला गणपतीच्या सुट्टीत पडदे ओढून घरात बसवलं होतं. आधी पाकिटावरचं नाव वाचा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा, असं मी त्यांना म्हटलं. जरा चिडले, पण मुलगा संध्याकाळी आरतीला गेला.

ज्या औषधांमुळे हा त्रास होतो, ती रक्तातून त्वचेत पोचतात आणि उन्हातले अतिनील किरण, मुख्यतः ‘ए’ प्रकारचे, शोषून घेतात. त्या शोषलेल्या ऊर्जेने आसपासच्या पेशींना इजा होते. मंद आचेवर अर्ध्या तासात करपणारी पोळी मोठ्या आचेवर दोन मिनिटांत करपते, तसं. नाक, गाल, मान, हातांची पाठ लाल होते, आग होते. घड्याळाच्या पट्ट्याखालची आणि हनुवटीखालची कातडी मात्र जशीच्या तशी. हे ‘ए’ किरण ढगांतून येतात आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. काचेचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या मुलीकडे वळते. नववीतली, घोडबंदर रोडला राहणारी, दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सकाळी धावायला जाणारी. चेहऱ्यावर मुरुमं बरीच, म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केलेलं. पहिल्याच पंधरवड्यात घरचे सगळे अलिबागला गेले आणि भर दुपारी पोरगी किनाऱ्यावर होती. रात्री नाक आणि गाल टोमॅटोसारखे. डॉक्टरांनी गोळी थोडे दिवस थांबवली, चेहरा निवल्यावर पुन्हा सुरू केली आणि काळजी कशी घ्यायची तेही सांगितलं. पण आईने तोवर रात्रभर मोबाइलवर वाचून काढलं होतं. ग्राउंड बंद. मैत्रिणींचे वाढदिवस बंद. संध्याकाळी तलावपाळीला जायचं तेही बंद.

माझ्याकडे मात्र तक्रार वेगळीच आली.

“खोटं बोलायला लागलीये ती, मॅडम. कंपासपेटीत गोळ्या सापडल्या मला. कर्कटकाखाली कागदात गुंडाळून ठेवलेल्या.”

मुलीला एकटीला बसवलं, तेव्हा तिने मान वर न करता हिशेब मांडला. “गोळी घेतली की ग्राउंड बंद. मग गोळीच बंद केली.”

यात मला खोटेपणा दिसला नाही. तर्कशुद्ध होतं. घरातल्यांनी तिला दोनच दरवाजे दाखवले होते, तिने तिला हवा तो उघडला. चौदा-पंधरा वर्षांची मुलं औषध चुकवतात तेव्हा बहुतेक वेळा त्या औषधामुळे त्यांचं काय हिरावलं जातंय हे आधी विचारावं, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. शिस्तीचा विषय त्यानंतरचा.

माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ परंपरेतली. काय घडलं यापेक्षा त्याबद्दल माणूस मनात काय घोकत बसलाय, तिकडे माझं लक्ष आधी जातं. या आईच्या मनातलं वाक्य बाहेर काढायला वेळ लागला, पण आलं ते असं: “पुन्हा तिच्या चेहऱ्याला काही म्हणजे काही होता कामा नये.” ऐकायला ही माया वाटते. पण असा हुकूम एकदा मनात बसला की सकाळी साडेसहाचं ऊन आणि दुपारी बाराचं ऊन एकाच मापाने मोजलं जातं. मग माणूस जपतो खूप, आणि नको तिथे जपतो.

हे मी तिला समजावून सांगितलं नाही. मायलेकींना समोरासमोर बसवलं आणि आईला म्हटलं, “उठल्यापासून झोपेपर्यंत हिच्या अंगावर ऊन कुठे कुठे पडतं, मला सांगा.”

“कुठेच नाही! शाळेची व्हॅन अगदी पोर्चमध्ये येते. शाळेतून आली की घरातच असते.”

“घरात कुठे?”

“अभ्यासाच्या टेबलावर.”

“टेबल कुठे आहे?”

“खिडकीशी. आमचा तेरावा मजला, समोर काही नाही. उजेड भरपूर.”

“खिडकी कुठल्या दिशेला?”

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मुलगीच म्हणाली, “पश्चिमेला. तीन वाजल्यापासून ऊन थेट येतं. पडदा ओढला की दिवा लावावा लागतो, मग बाबा लाइटच्या बिलावरून बोलतात.”

त्या दिवशी ती आत आली तेव्हाच मला दिसलं होतं की तिचा डावा गाल उजव्यापेक्षा लालसर आहे. आता आईनेही पाहिलं. हनुवटीला हात लावून लेकीचा चेहरा एकदा इकडे, एकदा तिकडे वळवला. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. कोवळ्या उन्हातलं ग्राउंड बंद करून, उतरत्या दुपारी काचेतून येणाऱ्या उन्हात तिला रोज तीन तास बसवलं जात होतं, तेही काळजीपोटी.

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं वाया जातं, हे मी नव्या मुलींना शिकवताना नेहमी सांगते. आई खुदकन हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे केस मिटली असती, पण घरात आजी होत्या. पुढच्या वेळी त्याही आल्या, नऊवारीचा पदर सावरत, थेट मुद्द्यावर. “अहो बाई, मुलीची जात. उन्हात हुंदडून काळी पडली म्हणजे? मी बेसन-लिंबू लावते रोज, पण किती पुरं पडणार?”

“काळी पडली म्हणजे?” मुलगी एकदम म्हणाली. “मी आत्ता कशी आहे, आजी?”

मुलगी सावळी आहे. खोलीत कोणी बोलेना. मग आई बोलली, आणि सासूकडे न बघता बोलली. तिला पाहायला आलेल्या एका स्थळाने ‘मुलगी चांगली आहे, पण...’ असं म्हणून निरोप पाठवला होता. त्याला वीस वर्षं होऊन गेली. हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

मला या कामातून काही मिळालं असेल तर ते इथे. ‘उन्हात सोडू का’ या प्रश्नात दोन भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्वचा भाजण्याची भीती खरी आहे, औषधाशी बांधलेली आहे, आणि गोळ्या संपल्या की थोड्या दिवसांत संपते. रंग उतरण्याची भीती औषधाच्या कितीतरी आधीपासून घरात असते. गोळीमुळे तिला फक्त डॉक्टरांची चिठ्ठी मिळते. पहिलीचा उपाय टोपी, बाह्या आणि वेळ. दुसरीला सनस्क्रीनचा उपयोग नाही. घरात उन्हाबद्दल बोलताना ‘भाजेल’ म्हणा, ‘काळी पडेल’ म्हणू नका, हा माझा आग्रह आहे, आणि मी तो आज्यांसमोरही सोडत नाही. मुलगी दुसरं वाक्य ऐकते तेव्हा तिला काळजी ऐकू येत नाही, आपला भाव ऐकू येतो.

बेसन-लिंबाबद्दलही आजींना सांगावं लागलं. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं, तर कुठल्याही गोळीशिवाय नुसत्या लिंबानेच भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. रंग उजळायला लावायचं ते हेच. आजींनी पदर तोंडाला लावला.

मग कामाला लागलो. उन्हाचं मोजमाप मुलीच्याच हाती दिलं, कारण आईने मोजलं की पहारा होतो. नियम साधा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक, सावलीत यायचं. ठाण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा तर सावली पायाखालीच जाते. मोबाइलच्या हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता, दिसतो. तो ३ झाला की काळजी घ्यायला लागायचं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो ११ च्याही वर जातो, आणि सकाळी सातला जेमतेम १ असतो. हे आकडे मुलीने आईला स्वतः दाखवले. ग्राउंड साडेसहा ते आठ पुन्हा सुरू झालं, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा टी-शर्ट आणि चहूबाजूंनी काठ असलेली टोपी घालून. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडी राहते. मैत्रिणीच्या ताईच्या स्कूटरवर बसायचं तर सनकोट. टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीला गेलं. दुपारच्या पीटीसाठी डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी शाळेत दिली.

सनस्क्रीन घेताना लोक फक्त एसपीएफचा आकडा बघतात. तो मुख्यतः ‘बी’ प्रकारच्या अतिनील किरणांपासून किती संरक्षण मिळतं ते सांगतो. या गोळ्यांसाठी ‘ए’ किरण अडवणं महत्त्वाचं, म्हणून एसपीएफ ३० किंवा जास्त, शिवाय ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही अडवणारं) आणि ‘ए’ किरणांसाठीच्या ‘पीए’ या खुणेपुढे तीन-चार अधिकचिन्हं, असं बघून घ्या. मुरुमं असतील तर कुठलं जेल चालेल ते त्वचेच्या डॉक्टरांनाच विचारा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लागतं. हळदीकुंकवाच्या अत्तरासारखा ठिपका लावून काही होत नाही. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि आपल्या घामट हवेत दर दोन तासांनी पुन्हा.

इतकं करूनही लाल झालंच, तर आधी सावलीत या आणि गार पाण्याचा ओला पंचा ठेवा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, स्वयंपाकघरातलं काहीच नको. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. थांबवायची, बदलायची की चालू ठेवायची हे त्यांनी ठरवायचं. भाजल्यासारखा त्रास काही तासांत दिसतो. दीड-दोन दिवसांनी खाज सुटून पुरळ आलं आणि ते कपड्यांखालीही पसरलं, तर ती ॲलर्जी असू शकते. फोड आले, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. डोळे-ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या मुलांना आणखी एक सांगायचं: गोळी ग्लासभर पाण्यासोबत, बसून, दुधासोबत नको, आणि गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. आठ वर्षांखालच्या मुलांना दातांवर डाग पडण्याच्या शक्यतेमुळे हे औषध सहसा टाळतात, पण काही तापांमध्ये थोड्या दिवसांसाठी तेच योग्य ठरतं. डॉक्टरांनी दिलं असेल तर वाद घालण्याआधी कारण विचारा.

मुलीने गोळ्यांचा कोर्स पुरा केला, यावेळी कंपासपेटीत काही न ठेवता. संपल्यावरही काही दिवस जपायचं असतं, तेही जपलं. आता त्वचारोगतज्ज्ञ शेजारी अशी औषधं लिहून दिली की घरच्यांना आधी माझ्याकडे दहा मिनिटं पाठवतात, हे सांगायला मला आवडतं.

शेवटच्या भेटीला आजीही होत्या. निघताना त्यांनी पिशवीतून स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी काढली. “आणि माझ्या गोळीला लागतं का हो ऊन?”

पट्टीवर वाचलं, हायड्रोक्लोरोथायझाइड. तेही उन्हाला नाजूक करणाऱ्या औषधांपैकीच. “मनाने बंद करू नका, आजी. डॉक्टरांना विचारा.”

“विचारते की,” त्या म्हणाल्या. “पण आधी हिची ती काठवाली टोपी कुठे मिळाली, ते सांगा.”