जुन्या गाडीवरून घरी किट कार बनवायची तर डोनर कोणती घ्यावी, खर्च किती येतो, आणि नुसती जोडणीच असते तर सहा महिन्यांत होईल ना?

डोनरचं, म्हणजे जिचे भाग काढून कंपनीच्या किटमधल्या नव्या चासीत बसवायचे त्या जुन्या गाडीचं, आणि खर्चाचं सांगतो, पण आधी तुमच्या त्या "नुसती जोडणीच असते" बद्दल बोलतो, कारण हेच वाक्य मी कित्येक वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय. दाजी चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर सुपरवायझर आहेत. माणूस हुशार, बहिणीला सुखात ठेवलंय, त्याबद्दल शब्द नाही. पण मी इथं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत घराच्या गॅरेजमध्ये गाडी बनवायला घेतली तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर त्यांचं एकच, "चासी कंपनीची, इंजिन जपानचं, मग तू काय केलंस? जोडलंस." तुम्ही तेच लिहिलंत म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी मेकॅनिक नाही. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. गाव पलूस, वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, पण लहानपणी मी त्यांना मागतील तो पाना देण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

डोनर मी ऑक्टोबर २०१६ मध्ये घेतली, माझदा एमएक्स-५, १९९९ चं मॉडेल, १.८ इंजिन, ८०० पौंड. एमओटीला, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या गाडी तपासणीला, नापास झालेली, दोन्ही दारांखालचा पत्रा इतका गंजलेला की स्क्रूड्रायव्हर आरपार जायचा, पण इंजिन एकदम टकाटक. या गाडीचं इथं बहुतेक असंच होतं, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे पत्रा आधी जातो आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफ (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) ठणठणीत राहतात, आणि किट कारमध्ये तो पत्राच आपल्याला नको असतो. शिवाय इंजिन लांबीत बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे सस्पेन्शनचे वर-खाली दोन हात. सेव्हनसारखी गाडी बनवायची तर याहून वेगळं काय लागतं? पूर्वी इथं लोक फोर्ड सिएरा घ्यायचे, आता धड सिएराच मिळत नाही.

सेव्हन म्हणजे लोटस सेव्हन, १९५७ ची हलकी, उघडी स्पोर्ट्स कार. त्या काळात ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागायचा नाही, म्हणून लोक किट आणून घरी बनवायचे. १९७३ ला व्हॅट आला आणि तो फायदा संपला, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. कर गेला तरी घरी गाडी बनवायची हौस काही गेली नाही.

आता माझं ठाम मत. डोनर अख्खी घ्या, चालू घ्या, कागदपत्रं आपल्या नावावर करून घ्या, आणि ती चालवण्यासारखी असेल तर खोलायच्या आधी महिना-दोन महिने चालवा. सुटं इंजिन इथून, गिअरबॉक्स तिथून, एक्सल कुणाकडून तरी, असं करू नका. दाजींचा सल्ला नेमका उलटा होता, "जुनी गाडी कशाला घेतोस, रिकंडिशन केलेले पार्ट घे, डायरेक्ट बसव." मी एका बाबतीत ऐकलं आणि ऑनलाइन एक लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) स्वस्तात घेतला. निघाला वेगळ्या रेशोचा, म्हणजे गिअरच्या दातांचं प्रमाणच वेगळं. या गाडीत स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, म्हणजे डिफचा रेशो बदलला की काटा खोटं बोलणार, आणि माझा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत होता, जे गाडी रस्त्यावर आणायच्या सरकारी टेस्टला अजिबात चालत नाही. दोन आठवडे गेले, शेवटी डोनरचाच डिफ परत बसवला. एकाच गाडीतले भाग एकमेकांना ओळखतात हो. इमोबिलायझरवाली (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप असलेली) गाडी असेल तर चावी, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि इमोबिलायझर हे तिन्ही जुळलेले असतात, त्यातलं एक दुसरीकडून आणलं की गाडी सुरूच होत नाही.

कागदाचंही तसंच. इथं डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं, बघतं की किट बनवणाऱ्या कंपनीची नवी चासी आहे आणि एकाच डोनरचे किमान दोन मुख्य भाग आहेत, ते कागदावर सिद्ध झालं की डोनरच्या वयाचा नंबर मिळतो. माझ्या गाडीला टी सिरीजचा, म्हणजे १९९९ चा नंबर आहे. दहा गाड्यांचे भाग गोळा करून बनवलीत तर क्यू नंबर येतो, म्हणजे गाडीचं वय नक्की नाही असा शिक्काच, आणि मग इन्शुरन्सपासून विकण्यापर्यंत कटकट.

आता जोडणीवर येतो. मे २०१७ मध्ये अण्णा, म्हणजे वडील, इथं आले. तोवर मी इंजिन बाहेर काढलं होतं आणि सस्पेन्शनपाशी अडकलो होतो. या गाडीला खालच्या विशबोनना आठ कॅम्बर बोल्ट असतात, त्यांच्यावर एक्सेंट्रिक वायसर, म्हणजे बोल्ट फिरवला की चाकाचा कोन बदलतो. अठरा वर्षांच्या मिठाने आठातले सहा बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी भागाच्या) आतल्या नळीत जाम. पाना लावला की बोल्ट फिरतोय असं वाटायचं, पण फिरायचं ते बुशचं रबर, पिळ पडायचा आणि सोडलं की बोल्ट परत जागेवर. तीन दिवस तेल मारलं. मग मी ब्लोलॅम्प लावला तर रबर पेटून गॅरेजभर काळा धूर. अण्णा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बघत होते, उठले, लॅम्प बंद केला आणि म्हणाले, "काप." बुश आणि सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) मध्ये जेमतेम करवतीचं पातं जाईल एवढी फट. तिथून एकेक बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, म्हणजे सहा बोल्टांचे बारा काप, आणि एका कापाला पाऊण तास. पाती चौदा संपली. कापलेले तुकडे अण्णांनी टाकू दिले नाहीत, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून वर मार्करने लिहिलं, "पुढचा डावा", "मागचा उजवा". जे बोल्ट धड निघाले ते रॉकेलमध्ये धुवून ज्या भोकातून निघाले त्यातच दोन आटे फिरवून ठेवायचे, डेपोतली सवय. चार महिने होते अण्णा. कॉव्हेंट्री फिरायला नेलं तर एक दिवस आले, बाकी दिवस गॅरेज.

नवे बोल्ट आणले, नवे पॉलियुरेथेनचे बुश दाबले, आणि बसवताना अण्णांनी प्रत्येक बोल्टला कॉपर ग्रीस लावायला लावलं. मला वाटलं आता कशाला, नवीन तर आहेत.

पुढचं भराभर सांगतो. चासी घासून रंगवली. ब्रेकचे पाइप घरीच वाकवले आणि फ्लेअर केले, म्हणजे त्यांची टोकं पसरवली, पहिले पाच गळले. वायरिंगचं लूम, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, डोनरमधून काढताना प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून नाव लिहिलं होतं, तरी एसी, पॉवर विंडो, एअरबॅग यांच्या नको असलेल्या तारा वेगळ्या करायला पूर्ण हिवाळा गेला. रोज रात्री बायको वर झोपलेली आणि मी खाली मल्टिमीटर घेऊन. (वायरिंग डायग्राम मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावा, मोबाईलवर बघून डोळे जातात.)

जुलै २०१९ ला आयव्हीए टेस्ट. इथं घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर ही द्यावीच लागते, २००९ च्या आधी एसव्हीए नावाची होती. फी तेव्हा ४५० पौंड. अर्धा दिवस तपासतात. बाहेरच्या प्रत्येक कडेला किमान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते, १०० मिलिमीटरचा गोळा फिरवून कुठली धार लागते का बघतात, आवाज मोजतात, सीटबेल्टचे अँकर, आरसे, सगळं. मी दोन गोष्टींत नापास. डॅशखालच्या एका ब्रॅकेटची धार, ती सोपी होती. आणि दुसरी म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ येत नव्हतं. हळू वेगात वळण घेऊन हात सोडला की चाकं मधे परत यायला लागली पाहिजेत, माझी वळलेलीच राहायची.

घरी आलो आणि दोन दिवस मॅन्युअल घेऊन बसलो. सायकलचा चिमटा कललेला असतो म्हणून हँडल आपण सरळ होतं, तसाच कल गाडीच्या पुढच्या चाकांना लागतो, त्याला कास्टर म्हणतात. डोनरमध्ये १,००० किलोच्या वर वजन होतं आणि पॉवर स्टिअरिंग होतं. माझी गाडी ६५० किलोच्या आसपास, पॉवर स्टिअरिंग काढलेलं, म्हणजे पुढच्या चाकांवर भारच नाही, आणि मी बोल्ट सगळे बरोबर मध्यावर ठेवून घट्ट केलेले. कास्टर वाढवायचा तर तेच कॅम्बर बोल्ट फिरवायचे, पुढचा एका दिशेने, मागचा उलट. म्हणजे जे कापून काढले होते त्यांच्याच जागेचे. दोन वर्षांपूर्वीचं कॉपर ग्रीस होतं, पाना लावला आणि बोल्ट अलगद फिरला. मी तिथंच खाली बसून अण्णांना फोन लावला. गावाकडं रात्रीचे साडेअकरा वाजले होते. "फिरला का?" एवढंच विचारलं त्यांनी.

ऑगस्टला रीटेस्ट पास झाली.

आता दाजी, आणि तुम्हीही, हा हिशोब बघा. मी सगळे तास वहीत लिहिलेत, एकूण ७४० निघाले. त्यातली ज्याला जोडणी म्हणाल, म्हणजे तयार भाग उचलून तयार जागी बसवणं, ती जेमतेम १४० तास. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीत उतरवायला दोन शनिवार-रविवार पुरले. बाकी ६०० तास गेले खोलण्यात, गंज काढण्यात, तारा शोधण्यात, ब्रॅकेट बनवण्यात, आणि जे बसलं ते असंच का बसलं हे समजून घेण्यात. कारखान्यात लाइनवर जो भाग येतो तो दुसऱ्या कुणीतरी आधीच बरोबर करून पाठवलेला असतो. इथं तो बरोबर करणाराही मीच होतो. याला जोडणी म्हणायचं असेल तर मग भाकरी करणं म्हणजे पीठ-पाणी एकत्र करणं म्हणा.

सहा महिन्यांचं विसरा. नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षं धरा. मला पावणेतीन लागली. खर्च माझा साधारण ९,५०० पौंड झाला, त्यात किट, टायर, ब्रेक, रंग, हत्यारं सगळं आलं. डोनरच्या सीटा, दारं, हूड, बंपर विकून ५०० च्या वर परत आले, ते वजा करूनच हा आकडा आहे. स्वस्तात होते म्हणणारे हत्यारांचा खर्च मोजत नाहीत.

हे आधी लिहायला हवं होतं, पण तुम्ही कुठून विचारताय ते प्रश्नात नाही. भारतात असाल तर वरचं नंबरप्लेटचं आणि टेस्टचं काहीच लागू नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत आरसी बुकशी न जुळणारा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. हौशी माणसाने बनवलेल्या एकट्या गाडीला पास करून घ्यायची इथल्यासारखी सरळ वाट तिकडे नाही. आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून साधारण ६०,००० रुपयांत छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, पण नियमात बसत नाही म्हणून अधिकारी आज ना उद्या थांबवतील हेही सांगितलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. ती जानेवारी २०२२ ला दिली. गाडी बनवणाऱ्या माणसाला मी मनापासून मानतो, पण तुमचे पैसे रस्त्यावर चालवायच्या आशेने घालत असाल तर भारतात घालू नका. खासगी जागेत, शेतावर चालवायला, शिकायला बनवा. कॉलेजात असाल तर बाहा एसएईइंडियाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गाडी बनवायच्या स्पर्धेच्या, टीममध्ये घुसा, तिथं चासीपासून सगळं स्वतः करायला मिळतं.

आणखी एक. डोनर खोलायच्या आधी तिचं रस्त्यावरून काढल्याचं डिक्लरेशन, म्हणजे सॉर्न, विसरू नका, नाहीतर दंड घरी येतो. आणि गाडी बनत असतानाचा वेगळा इन्शुरन्स मिळतो, तो घ्या.

दाजी, ताई हे तुम्हाला वाचून दाखवेल याची खात्री आहे. डिसेंबरात येताय ना, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आवाज करतंय. अपराइटचा (चाक धरणाऱ्या भागाचा) खालचा लांब बोल्ट काढावा लागेल, मी त्याला हात लावलेला नाही. डबा, मार्कर आणि स्टूल गॅरेजमध्ये आहे तिथंच ठेवलंय.