लाल रुमाल कधी फेकायचा आणि कधी खिशातच ठेवायचा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल बघायला सोमवारी पहाटे पाचचा अलार्म लावणारे आपल्याकडे आता बरेच झालेत, आणि त्यांचे प्रश्न येतात ते बहुतेक करून रिव्ह्यूबद्दलच. या वेळी चार घेतोय.

प्रश्न (नाशिक): डीआरएसमध्ये रिव्ह्यू बरोबर निघाला तर तो शिल्लक राहतो. एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) कोच बरोबर निघाला तरी चॅलेंज संपतं असं मुलगा म्हणतो. खरं का?

मुलाचं बरोबर आहे. कोचला अख्ख्या मॅचमध्ये दोन चॅलेंज, बरोबर निघालं तरी एक कमी झालंच, फक्त टाइमआउट (खेळ थांबवायची संधी) वाचतो. चुकलं तर टाइमआउटही गेला आणि ते हाफला तीनच असतात. तिसरं चॅलेंज मिळायला आधी दोन्ही बरोबर यावी लागायची, २०२४ पासून दोनातलं एक आलं तरी मिळतं. आणि टाइमआउटच उरला नसेल तर चॅलेंज करताच येत नाही, म्हणजे हा रिव्ह्यू कमी आणि पैज जास्त.

त्यात वेळेची मारामारी. चॅलेंज करायला कोच लाल रुमाल फेकतो, आणि तो पुढचा स्नॅप (बॉल मागे देऊन पुढची प्ले सुरू करणं) व्हायच्या आत मैदानात पडायला हवा. म्हणून कधी बघा, एखादा कॅच संशयास्पद असला की कॅच घेणारी टीम घाईघाईने लायनीत उभी राहते आणि क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) ओरडत असतो चला चला, कारण एकदा बॉल स्नॅप झाला की मागचं सगळं माफ! आणि तिकडे समोरच्या टीमचा कोच हेडसेटमध्ये वर बसलेल्या आपल्या माणसाला विचारतोय, फेकू का, फेकू का.

प्रश्न (पुणे): टचडाउन (बॉल समोरच्या टोकाला नेऊन केलेला स्कोअर) सरळसरळ चुकीचा दिसत असला तरी कोच रुमाल का फेकत नाहीत?

गरज नाही म्हणून. स्कोअर झाला की २०११ पासून आपोआप तपासणी होते, पुढच्या वर्षी टर्नओव्हरही (बॉल समोरच्या टीमकडे जाणं) त्यात आले. हाफची शेवटची दोन मिनिटं आणि ओव्हरटाइममध्ये तर कोचला अधिकारच नाही, काय तपासायचं ते वरचा रिप्ले ऑफिशियल ठरवतो.

पण २०१२ च्या थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटचे कोच जिम श्वार्ट्झ यांनी रागाच्या भरात फेकला. ह्यूस्टनचा जस्टिन फोर्सेट खाली पडला होता, गुडघा टेकला, कोपर टेकलं, म्हणजे प्ले तिथेच संपायला हवी होती, पण शिट्टी काही वाजली नाही, पठ्ठ्या उठला आणि ८१ यार्ड पळाला. हा टचडाउन तपासला जाणारच होता, पण तेव्हाचा नियम असा की आपोआप तपासल्या जाणाऱ्या प्लेवर कोचने रुमाल फेकला तर १५ यार्डांची पेनल्टी आणि वर रिव्ह्यूच रद्द!! सगळ्या देशाने टीव्हीवर गुडघा टेकलेला बघितला आणि सात पॉइंट कायम राहिले. डेट्रॉइट ओव्हरटाइममध्ये ३४-३१ हरलं. लीगने पुढच्याच मोसमात नियम बदलला, आता टाइमआउट जातो पण रिव्ह्यू होतो.

प्रश्न (न्यू जर्सी): इतके कॅमेरे आहेत तर होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं), पास इंटरफिअरन्स (कॅच घेणाऱ्याला बॉल यायच्या आत अडवणं) हे सगळंच का तपासत नाहीत?

करून बघितलंय हो. २० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्स, एनएफसीची (लीगच्या अर्ध्या भागाची) फायनल, सेंट्स आणि रॅम्स २०-२०, दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरलेला. बॉल अजून यायचाय, सेंट्सचा टॉमीली लुइस वाट बघतोय आणि रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन बॉलकडे न बघताच त्याच्यावर जाऊन आदळला. पिवळा रुमाल, म्हणजे फाउल दाखवायला रेफरी टाकतात तो, पडलाच नाही. पास इंटरफिअरन्स रिव्ह्यूच्या यादीतच नव्हता, त्यामुळे रिप्ले ऑफिशियललाही काही करता आलं नाही. रॅम्स २६-२३ जिंकले. नंतर हेल्मेटने धडक दिली म्हणून रोबी-कोलमनला २६,७३९ डॉलर दंड झाला, म्हणजे पैसे वसूल झाले, मॅच काही परत मिळाली नाही.

मग टीमच्या मालकांनी ३१-१ मतांनी पास इंटरफिअरन्सचा रिव्ह्यू एका वर्षासाठी आणला आणि २०२० मध्ये तो गुपचूप संपू दिला. माझ्या मते बरंच झालं. गुडघा टेकला का, पाय लायनीच्या आत होता का, याचं उत्तर कॅमेरा देतो. हात किती जोरात लावला याचं नाही देत, स्लो मोशनमध्ये तर प्रत्येक स्पर्श गुन्हा वाटतो. आणि होल्डिंग? लायनीत पाच जण समोरच्याला अडवत असतात, शोधायला बसलात तर जवळपास प्रत्येक प्लेमध्ये काहीतरी सापडेल आणि मॅच मंगळवारी संपेल. २०२५ पासून फेसमास्क (हेल्मेटची जाळी ओढणं), हॉर्स कॉलर (मागून कॉलर धरून पाडणं) यांसारख्या फाउलमध्ये रिप्लेवाले मदत करू शकतात, पण एकाच दिशेने, चुकून पडलेला पिवळा रुमाल उचलायला. न पडलेला टाकता येत नाही. न्यू ऑर्लिन्सवाल्यांना हे सांगायला जाऊ नका.

प्रश्न (ठाणे): रेफरी कधी ‘कन्फर्म्ड’ म्हणतो, कधी ‘स्टँड्स’. फरक काय?

कन्फर्म्ड म्हणजे व्हिडिओत दिसलं, निर्णय बरोबरच होता. स्टँड्स म्हणजे ठाम काही दिसलं नाही, म्हणून आहे ते राहू दे. निर्णय फिरवायला पुरावा अगदी स्वच्छ लागतो, आपल्या अंपायर्स कॉलचा चुलतभाऊ समजा. गंमत म्हणजे २०२५ पासून फर्स्ट डाउनचं (दहा यार्ड पूर्ण झाले का याचं) माप घ्यायला साखळीऐवजी हॉक-आयचे कॅमेरे आलेत, तेच आपले एलबीडब्ल्यूवाले. ते माप घेतात, पण बॉल नेमका कुठे ठेवायचा ते अजूनही पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस नजरेनेच ठरवतो.