छातीतल्या पाण्याची सीबीनॅट निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर टीबीच म्हणतात. हे निदान कशाच्या आधारावर होते?

आपल्या २६ वर्षांच्या भावाला तीन आठवड्यांपासून संध्याकाळी ताप येतो, डाव्या कुशीत दुखते, एक्सरेमध्ये डाव्या बाजूला पाणी दिसले, काढलेल्या पाण्यात एडीए (टीबीत वाढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) ६८ आला आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, निगेटिव्ह आली. जंतू सापडलेला नसताना सहा महिन्यांची औषधे का घ्यायची, असे आपण विचारले आहे. छातीच्या विकारांवर उपचार करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ही शंका मला नेहमी ऐकावी लागते आणि ती अगदी रास्त आहे.

फुफ्फुसाच्या आवरणाच्या क्षयरोगात जंतू फार थोडे असतात, ही यातली मूळ अडचण आहे. फुफ्फुसाच्या पृष्ठभागालगतची क्षयाची लहानशी गाठ आवरणाच्या पोकळीत फुटते, जंतू आणि त्यांचे अंश तेथे उतरतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. पाणी साचते ते प्रामुख्याने या प्रतिक्रियेमुळे. म्हणूनच या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दहातल्या एका रुग्णातही जंतू दिसणे कठीण असते, सीबीनॅट निम्म्याहून कमी रुग्णांत पॉझिटिव्ह येते, आणि सहा-सहा आठवडे वाट पाहूनही कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, बहुतेकांच्या पाण्यात काहीच वाढत नाही. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट या सीबीनॅटसारख्याच चाचणीपुढेही हीच अडचण आहे, कारण उणीव यंत्रात नसून नमुन्यात आहे. सीबीनॅट पॉझिटिव्ह आली असती तर निदान जवळपास पक्के झाले असते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळले असते. निगेटिव्ह आल्यामुळे मात्र टीबी नाही असे सिद्ध होत नाही.

मग आधार कशाचा? एडीए हे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींशी निगडित विकर आहे आणि क्षयाच्या पाण्यात ते वाढते. साधारणपणे ४० च्या वरचा आकडा संशय बळकट करतो. परंतु छातीत पू झाला असेल, संधिवाताचा काही प्रकार असेल किंवा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, असेल तरीही एडीए वाढतो, आणि आकडा २५० च्या पुढे गेला तर मी टीबीपेक्षा या इतर कारणांचा विचार आधी करतो. त्यामुळे एकटा एडीए वाचू नये. आपण कळवलेल्या माहितीत पेशींची मोजणी आणि प्रथिनांचे प्रमाण नाही, आणि मला तेच सर्वांत आधी पाहावेसे वाटते. पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त असतील, तर ते पाणी हृदयाच्या किंवा यकृताच्या आजारामुळे झिरपलेले नसून आवरणाच्या दाहातून आलेले असण्याची शक्यता अधिक. हा निकष लाइट या डॉक्टरांनी १९७२ मध्ये मांडला आणि आजही तोच वापरात आहे. पेशींमध्ये लिम्फोसाइट बहुसंख्य असतील तर टीबीकडे कल जातो. मात्र आजाराच्या अगदी पहिल्या दिवसांत न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त दिसू शकतात. ही मोजणी जांभळ्या टोपणाच्या नळीत दिलेल्या पाण्यावर झाली होती का, हेही विचारावे, कारण साध्या नळीत हे पाणी गोठते आणि आकडे चुकतात.

तरुण वय, ताप, एका बाजूचे पिवळसर पाणी, त्यात लिम्फोसाइट जास्त आणि एडीए ४० च्या वर, एवढे जुळले तर क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात उपचार सुरू करणे योग्यच आहे. रुग्ण पन्नाशीचा असता, विडी-सिगारेट ओढणारा असता, पाणी लालसर असते किंवा काढल्यावर आठवडाभरात पुन्हा भरले असते, तर मी आवरणाचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे गेलो नसतो, कारण तेथे कर्करोग निसटण्याची भीती असते. हा तुकडा सुईने किंवा थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, घेतात. दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यावरून जवळजवळ सर्व रुग्णांत निदान होते. मात्र सगळेच तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकू देऊ नयेत. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही, म्हणून किमान एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. पुष्कळ ठिकाणी हे राहून जाते.

भावाला खोकला नसला तरी बेडक्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. एक्सरेत फुफ्फुस स्वच्छ दिसत असतानाही काही जणांच्या बेडक्यात जंतू सापडतात, आणि तसे झाले तर सगळा वादच मिटतो. एचआयव्ही आणि रक्तातील साखर याही तपासण्या लागतात. मांटू (त्वचेवरची) किंवा आयग्रा (रक्ताची) या चाचण्यांवर पैसे खर्च करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. जंतूचा संसर्ग कधीतरी होऊन गेला एवढेच त्या सांगतात आणि आपल्याकडे तो कित्येकांना झालेला असतो. रक्तातील आयजीजी-आयजीएम ही प्रतिपिंडे पाहून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर तर भारतात २०१२ पासून बंदी आहे. निदान होईपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकेही टाळावीत, कारण त्यांनी क्षयाचे जंतू अर्धवट दबतात आणि चित्र आणखी धूसर होते.

औषधे सुरू झाल्यावरही निदानाकडे लक्ष ठेवावे लागते. साधारण दोन आठवड्यांत ताप उतरू लागतो आणि भूक सुधारते; पाणी ओसरायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि क्वचित सुरुवातीला ते थोडे वाढतेही. दोन महिन्यांत ताप आणि पाणी दोन्ही हटले नाहीत, तर औषधे बदलण्याआधी निदानच पुन्हा तपासावे आणि बायॉप्सीचा, म्हणजे आवरणाचा तुकडा तपासण्याचा, आग्रह धरावा. उलट, पाणी आटले म्हणून दुसऱ्याच महिन्यात गोळ्या बंद करू नयेत. हे पाणी उपचारांशिवायही आटू शकते, आणि असे उपचार न झालेल्यांपैकी अनेकांना पुढच्या काही वर्षांत फुफ्फुसाचा किंवा इतर अवयवाचा क्षयरोग होतो. उद्या डॉक्टरांकडे जाताना पाण्याचा संपूर्ण अहवाल सोबत न्यावा, आणि पेशी, प्रथिने व बेडका या तीन गोष्टी त्यांना विचाराव्यात.