देवगडला पहिल्यांदाच अख्ख्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या जवापासून) बिअर केली, पण पिकलेल्या केळ्यासारखा वास येतोय. काय चुकलं?

यीस्टला उकडलं, दुसरं काही नाही. माल्ट ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलंत ते बरोबरच. तिथे चुकला असतात तर बिअर फार गोड किंवा पाणचट झाली असती, केळी आली नसती. एल जातीच्या बिअरचं साधं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं. आपल्याकडे मे महिन्यात माजघरातही ३०-३२, त्यात आंबताना कॅन आतून आणखी तापतो. मग यीस्ट एस्टर, म्हणजे फळांसारख्या वासाची रसायनं, जास्त सोडतं. तोच हा वास.

कॅनला ओलं गोणपाट गुंडाळा असं कोणी सांगेल, ऐकू नका. ते घाटावर ठीक. मी गुंडाळलं तर दमट हवेत पाणी उडेचना, गोणपाटाला बुरशी तेवढी आली. कॅन पाण्याच्या टबात ठेवा नि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पहिले तीन-चार दिवस महत्त्वाचे. नाहीतर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट मिळवा, ते ३५ लाही मजेत चालतं.

आणि हो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरीही बिअर करता येत नाही. पुढचा घाणा घालण्याआधी तेवढं बघा.