महापौर झालेला गिरणीमालक

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या माग चालतो, आधी हातमाग होता, आता यंत्रमाग आहेत. टायटस सॉल्ट नावाच्या इंग्रज कापड गिरणीमालकाने कामगारांसाठी अख्खे गाव वसवले, असे वाचनात आले. हे त्याने दयेपोटी केले की धंद्याच्या हिशेबाने? गोकाक धबधब्याजवळच्या गिरणी वसाहतीशी त्याची तुलना करता येईल का?
— एक विणकर वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : आपण विणकर आहात, म्हणून आधी कापडाविषयी. १८०३ मध्ये लीड्सजवळ जन्मलेले सॉल्ट ब्रॅडफर्डला वडिलांच्या लोकरीच्या व्यापारात तयार झाले. १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पेरू देशातल्या अल्पाका या जनावराची लोकर गिऱ्हाईक नसल्याने पडून होती, ती त्यांनी उचलली. तिचा तंतू लांब आणि गुळगुळीत. सॉल्ट यांनी ताणा (उभे धागे) सुती ठेवून बाणा (आडवे धागे) अल्पाकाचा घातला, त्यामुळे ताण सुताने सोसला आणि चकाकी कापडाच्या अंगावर राहिली. अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी, अशी इरकल पाहिलेल्या माणसाला यातली खुबी वेगळी सांगायला नको.

या कापडावर श्रीमंत झालेले सॉल्ट १८४८ मध्ये ब्रॅडफर्डचे महापौर झाले आणि पुढच्याच वर्षी शहरात पटकीची साथ आली. गिरण्यांमागे धावत वाढलेल्या त्या शहरात मैला ओढ्यात जात होता आणि धुराड्यांनी आकाश काळवंडले होते. धूर कमी करणारे यंत्र त्यांनी स्वतःच्या गिरण्यांत बसवले, पण इतर मालकांनी त्यांना दाद दिली नाही. महापौरपदाचे वजनही तेथे कमी पडले. त्यांनी मग शहराबाहेर एअर नदीकाठी जागा घेतली. तेथे कालवा आणि रेल्वे दोन्ही हाताशी होती, हे विसरू नये. तेथेच सॉल्टेअर हे त्यांचे गाव वसले; त्याची गिरणी २० सप्टेंबर १८५३ रोजी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी सुरू झाली. पुढे तेथे आठशेहून अधिक घरे, शाळा, दवाखाना आणि सार्वजनिक धुलाईघर उभे राहिले. कित्येक रस्त्यांना त्यांनी स्वतःच्या मुलांची नावे दिली (एवढी हौस मालकाला माफ असावी). दारूच्या दुकानाला मात्र तेथे मज्जाव होता, आणि कामगार संघटना सॉल्ट यांना रुचत नसत.

म्हणजे दया खरी आणि हिशेबही खरा. गावाबाहेर गिरणी नेल्यावर सुमारे तीन हजार माणसे वेळेवर कामावर हजर व्हायची, तर त्यांची घरे जवळ हवीतच. गोकाकशी साम्य येथेच आहे : तेथील गिरणी १८८० च्या दशकात घटप्रभेच्या पाण्यावर चालवण्यासाठी धबधब्याशी गेली, आणि कामगारांची वस्तीही तिच्यामागोमाग तेथे गेली. फरक हा की सॉल्ट यांच्यामागे पटकीच्या वर्षातला महापौर उभा होता.

आपल्या घराशी ताडून पाहायचे, तर वडगावात मागाचा खडखडाट घरातच असतो, पण घर विणकराचे असते. सॉल्टेअरमध्ये माग घराबाहेर गेला आणि घराचे भाडे मालकाकडे जाऊ लागले.