१७५० आधीच्या इंग्लंडमधल्या पॅरिश नोंदींवरून (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द) पूर्वजाचं आयुष्य कितपत कळतं? सुरुवात कुठून करावी?

सुरुवात मूळ पानापासून करा. दुसऱ्याने उतरवून घेतलेल्या तारखेवर विश्वास ठेवू नका. इतकं ठासून सांगते, कारण अशाच एका तारखेपायी माझ्या सासरची एक बाई तीस वर्षं बदनाम झाली.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर इंग्लंडातल्या नॉर्फोकचं. चुलतसासऱ्यांनी घराण्याची वंशावळ केली, त्यात एका जोडप्याचं लग्न एप्रिल १७३८ आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३८. म्हणजे मूल लग्नाआधीचं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्या फांदीला तुटक रेघ दिली. जेवताना तिचा विषय निघाला की सगळे हसायचे. मला ते फार लागायचं.

अहो, तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं! १७५२ पासून ते १ जानेवारीवर आलं. म्हणजे तो फेब्रुवारी लग्नानंतर दहा महिन्यांनी आला. चैत्र आधी आणि फाल्गुन शेवटी, हे पाडव्याच्या घरात वाढलेल्याला शिकवावं लागत नाही.

तरी रेकॉर्ड ऑफिसात जाऊन वही पाहिली. डिसेंबरखाली जानेवारी, त्याखाली ती फेब्रुवारीतली ओळ, मुलाच्या नावापुढे आईबाप दोघांची नावं. मार्चअखेरीस शाई बदललेली आणि मोठ्या आकड्यात १७३९. मूल अनौरस असतं तर पाद्र्याने 'बेस बॉर्न' लिहायला मागेपुढे पाहिलं नसतं.

बाप्तिस्मा, लग्न, दफन एवढ्यावरून आयुष्य कळत नाही. त्याच पॅरिशचे गरिबांच्या मदतीचे हिशेब टिकले असतील तर तेही वाचा. आमच्या बाईला नवरा गेल्यावर आठवड्याला एक शिलिंग मिळायचा, एका हिवाळ्यात जोडेही मिळाले. ती मला खरी भेटली ती त्या जोड्यांच्या ओळीत. बाप्तिस्मा-लग्नांची वहीच हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल शोधा.

हो, क्वेकर आणि बॅप्टिस्ट या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा न देणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या घरांतली मुलं बाप्तिस्म्याच्या यादीत सहसा सापडणार नाहीत. आणि बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. पण कुणाला अनौरस लिहिण्याआधी निदान महिना तरी बघा.

चुलतसासऱ्यांना त्या पानाचा फोटो पाठवून चार वर्षं झाली. त्यांच्या दिवाणखान्यातल्या वंशावळीवर तुटक रेघ अजून तशीच आहे.